वस्तुसंग्रहालय पाहावे कसे?

मुलांची सहल मोठ्या शहरात गेली की तेथील वस्तुसंग्रहालय ‘दाखवून आणणे’ हा आम्हां शिक्षकांचा जुना परिपाठ आहे. परंतु दाखवून आणणे निराळे आणि पाहू देणे निराळे. हा भेद मला माझ्याच एका चुकीने समजला. ती चूक आणि तिच्यापासून घेतलेला धडा आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

बऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या आश्रयाला वसलेल्या धूलकोट या गावी मी शिकवितो. काही वर्षांपूर्वी आठवीच्या पंचवीस मुलांना घेऊन मी मुंबईस गेलो. बऱ्हाणपूरला रात्रीच्या गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयाच्या दारात उभे राहिलो. पंचविसांपैकी एकानेही यापूर्वी वस्तुसंग्रहालय पाहिलेले नव्हते.

ही वास्तूच प्रथम पाहण्यासारखी आहे. तिची कोनशिला १९०५ साली बसविण्यात आली. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पकाराने कुर्ल्याचा काळसर दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून ती उभारली. तिच्यावरील घुमट पाहून विजापूरच्या गोलघुमटाची आठवण व्हावी. इमारत १९१४ साली पुरी झाली, तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तेथे जखमी सैनिकांची शुश्रूषा होऊ लागली. अखेर १० जानेवारी १९२२ रोजी ती संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. त्या वेळचे प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम हे नाव पुढे बदलले, तरी जुने मुंबईकर अजूनही तेच नाव घेतात.

एवढे सर्व मी मुलांना बाहेरच सांगितले आणि आत शिरताच घड्याळाकडे पाहू लागलो. सगळी दालने झालीच पाहिजेत, हा माझा हट्ट. मूर्ती, चित्रे, शस्त्रे, चिनी मातीची भांडी, पेंढा भरलेले पशुपक्षी असे सारे काही अडीच तासांत आम्ही ‘उरकले’. कोणी रेंगाळला की मी म्हणे, “चला, पुढे चला!”

परतीच्या गाडीत मी प्रत्येकाला, सर्वांत अधिक काय आवडले ते लिहावयास सांगितले. कोणी वाघ लिहिला, कोणी छताचे पंखे, कोणी पहारेकऱ्याची शिट्टी. बऱ्याच जणांनी पाय दुखल्याचे लिहिले. एका कुंभाराच्या मुलाने मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या : “एक मातीचा माणूस होता. मला तो नीट बघायचा होता, पण सर पुढे चला म्हणाले.”

त्या दोन ओळींनी माझी झोप उडाली. आमच्याकडील मुलाला मुंबईचे संग्रहालय पुन्हा केव्हा दिसणार? शहरातील मुलगा पुढच्या रविवारीही जाऊ शकतो. खेड्यातील मुलाची पहिली भेट पुष्कळदा शेवटचीच ठरते. ती मी घाईत दवडली होती.

पुढल्या वर्षी मी एकटाच तेथे गेलो आणि दिवसभरात तीनच वस्तू पाहिल्या. प्रत्येकीपुढे स्वतःला तीन प्रश्न विचारले : ही कशाची केली आहे? कोणासाठी केली आहे? आणि येथे येण्यापूर्वी ती कोठे होती? पहिल्यांदा जाणाऱ्या कोणासही हे तीन प्रश्न पुरेसे आहेत, असे आता माझे मत झाले आहे.

प्रथम अर्थातच तो मातीचा माणूस. सिंधमधील मीरपूरखास येथील बौद्ध स्तूपाच्या उत्खननात सापडलेली ही भाजलेल्या मातीची मूर्ती सुमारे पाचव्या शतकातील आहे. हातात कमळ घेतलेला, कुरळ्या केसांचा हा पुरुष भाविक असावा, कदाचित त्या स्तूपाला दान देणारा दाता असावा, असे मानतात. माती का? तर सिंधूच्या खालच्या खोऱ्यात गाळाची जमीन विपुल. म्हणून तेथील स्तूपही विटांचा आणि मूर्तीही मातीच्या. मग सिंधची मूर्ती मुंबईत कशी? तर १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. एका मूर्तीपुढे उभे राहिल्याने भूगोल आणि इतिहास असे दोन्ही धडे झाले. त्याच स्तूपातील बुद्धमूर्तीही जवळच आहेत. मी ख्रिस्ती; परंतु त्या मिटल्या डोळ्यांपुढे माझाही आवाज आपोआप खाली आला. पूजेसाठी घडविलेली वस्तू काचेआड आली, तरी घडविणाऱ्याची श्रद्धा तिच्यातून अगदीच निघून जात नाही.

दुसरी वस्तू म्हणजे अकबराच्या चित्रशाळेत तयार झालेल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ या ग्रंथातील चित्रे. नाव परके वाटते, पण आतील गोष्टी आपल्या पंचतंत्रातल्या! संस्कृतातून त्या पहलवीत गेल्या, तेथून अरबीत, अरबीतून फारसीत. आणि पंधराव्या शतकात हुसेन वाइझ काशिफी याने त्यांना हे नवे रूप दिले. माहेरची मुलगी चार गावे फिरून निराळ्या वेषात परत यावी, तशा या गोष्टी हिंदुस्थानात परत आल्या आणि आग्रा-फत्तेपूरकडील चितारी त्यांची चित्रे काढू लागले. ही चित्रे हातात धरून वाचावयाच्या पुस्तकातली आहेत. म्हणून ती दुरून पाहू नयेत; जवळ जाऊन, पुस्तकावर वाकावे तसे वाकून पाहावीत.

तिसरी वस्तू, अकबराची पोलादी ढाल. तिच्यावर सोन्याचे जडावकाम असून बारा राशींच्या आकृती आहेत. ती १५९३ सालची. साल वाचले आणि मी थबकलो. त्यानंतर आठच वर्षांनी, १६०१ च्या जानेवारीत, आमच्या जिल्ह्यातील असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेशच्या फारूकी सुलतानांची सत्ता संपली. गडाच्या खडकावर त्या विजयाचा फारसी लेख आजही आहे. आमची मुले गडावर जातात आणि त्या लेखाशेजारी बसून शिदोरी सोडतात. ज्या बादशहाचे नाव ते खडकावर पाहतात, त्याचीच ढाल या काचेआड आहे, हे एवढे एक वाक्य मी त्यांना सांगितले असते, तर पाय दुखल्याचे कोणी लिहिले नसते.

संग्रहालयाचा खरा उपयोग हाच आहे. ते दूरच्या वस्तू दाखविते खरे. परंतु नीट पाहिले, तर त्यांतली एखादी वाट आपल्याच गावच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचते. ती वाट सापडावयास वेळ द्यावा लागतो. म्हणून मुलांना नेताना थोडे निवडावे. जाण्यापूर्वी त्याविषयी वर्गात बोलावे. तेथे गेल्यावर आपण गप्प राहावे. आणि एखादा मूल एके ठिकाणी थांबला, तर बाकीचे संग्रहालय राहिले तरी चालेल, असे समजावे.

परत येताना त्या मातीच्या माणसाचे एक छायाचित्र मी बरोबर आणले. पण तो मुलगा आता शाळेत नव्हता. बऱ्हाणपूरला यंत्रमागावर कामास लागला होता. सणाला घरी आला, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. चित्र हाती घेऊन तो पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग वडिलांना म्हणाला, “एवढं मोठं भाजताना तडा कसा गेला नसेल हो?”

वडिलांनी चित्र उजेडाकडे धरले. “आत पोकळ ठेवायचं आणि सावलीत हळूहळू वाळवायचं. घाई केली की तडकतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, बसा ना, उभे का?”

मी बसलो. त्या दिवशी मला कसलीच घाई नव्हती.