तापलेल्या डांबरावर स्केटिंगच्या चाकांची कसोटी

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की शहरोशहरी स्केटिंगची शिबिरे सुरू होतात. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळविली. तेव्हापासून अनेक पालक या खेळाकडे गांभीर्याने पाहू लागले आहेत. मात्र मे महिन्यात, विशेषतः विदर्भात पारा ४५ अंशांकडे झुकू लागला, की एकच तक्रार वारंवार ऐकू येते. महागडी नवी चाके महिन्याभरातच झिजली, ती 'चिकट' झाली, पूर्वीसारखी पळत नाहीत. दोष दरवेळी चाकांच्या दर्जाचाच असतो असे नाही.

इनलाइन स्केटची चाके रबराची नसून पॉलियुरेथेन या कृत्रिम पदार्थाची असतात. मध्ये कडक गाभा, त्यात दोन बेअरिंग आणि भोवती पॉलियुरेथेनचे जाड वेष्टन, अशी त्यांची रचना. चाकावर ७८ए, ८२ए, ८५ए असे आकडे छापलेले असतात. हे वेष्टनाच्या कठीणपणाचे माप असून, आकडा जितका मोठा तितके चाक कठीण. ग्राहक बहुधा येथेच फसतो. कारण हे माप घेतले जाते ते साधारण २३ अंश तापमानाच्या खोलीत. पॉलियुरेथेन उष्णतेने मऊ पडते. हवेचे तापमान चाळिशीपार असताना उन्हातले काळे डांबर ६० अंशांपर्यंत सहज तापू शकते. अशा रस्त्यावर ८२ए चे चाक छापील आकड्याहून मऊपणे वागते.

मऊ चाक वजनाखाली अधिक दबते व रस्त्याला अधिक पसरून टेकते. पकड वाढते, पण घसाराही वाढतो, आणि पाय रेटताना चाकाच्या आतील कडेचे कण लवकर निघू लागतात. त्यात डांबरच पाघळलेले असले, तर ते खडीच्या बारीक कणांसह चाकाला चिकटते.

याखेरीज उष्णता चाकाच्या आतही निर्माण होते. ८० मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे २५ सेंटिमीटर अंतर कापते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्केटरचे चाक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ वेळा फिरते. प्रत्येक फेरीत वेष्टन दबते आणि पुन्हा फुगते. त्यात खर्ची पडलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेत बदलतो. पॉलियुरेथेन उष्णतेचा मंद वाहक असल्याने ही उष्णता आत साठून राहते. रस्ता थंड असेल तर चाक निवते; तापलेल्या रस्त्यावर तेवढी सवड मिळत नाही. भरधाव वेग, भारी वजन आणि कडक ऊन एकत्र आले, की वेष्टन गाभ्यापासून सुटण्याचा धोका संभवतो. चाक झिजणे हा खिशाचा प्रश्न आहे, चाक सुटणे हा हाडांचा. वेष्टन व गाभा यांच्या सांध्यावर बारीक फट किंवा फुगवटा दिसला, तर ते चाक पुन्हा वापरू नये.

मोठ्या व्यासाच्या चाकांना फेऱ्या कमी पडतात. ११० मिलिमीटरचे चाक त्याच वेगाला सेकंदाला सुमारे २० वेळाच फिरते. तरीही नवशिक्या मुलाला केवळ उन्हाळ्यासाठी उंच चाके देणे शहाणपणाचे नाही, कारण तोल सांभाळणे कठीण जाते. त्यापेक्षा एक पायरी कठीण, म्हणजे ८२ए ऐवजी ८५ए ची चाके घ्यावीत. वजनदार स्केटरला तर हा फरक अधिकच जाणवतो. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या समान आकड्यांची चाके अगदी सारखीच वागतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

बेअरिंगमधील ग्रीसही उष्णतेने पातळ होऊन बाहेर झिरपते व त्यावर धूळ बसते. उन्हाळ्यात ती वरचेवर साफ करावी लागतात. चार चाकांच्या स्केटमध्ये पहिले व तिसरे, दुसरे व चौथे अशी अदलाबदल करून आतील कड बाहेर घेतल्यास झीज समान होते. स्केट उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीत ठेवू नयेत. तेथील उष्णतेने बुटाचा चिकवलेला तळवाही सुटू शकतो.

सरावाची वेळ निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दिवसभर साठलेली उष्णता डांबर सूर्यास्तानंतरही बराच काळ सोडत राहते. त्यामुळे सायंकाळी सहाला हवा सुसह्य वाटली, तरी रस्ता तापलेलाच असतो. पहाटे साडेपाच-सहाला तोच रस्ता सर्वांत थंड असतो.