सिस्टर मल्याळी, रुग्ण वऱ्हाडी

आपल्या जिल्ह्यातून अकोला, नागपूर किंवा मुंबईला हलविलेल्या रुग्णाच्या खाटेशी रात्री उभी असलेली सिस्टर पुष्कळदा केरळची असते. घरच्यांसाठी, शिक्षणाचे कर्ज फेडण्यासाठी या मुली गाव सोडतात. कुणी आपल्याकडे येते, कुणी आखाती देशांत जाते. २०१४ च्या जुलैमध्ये इराकच्या तिक्रीतमधील युद्धातून ४६ भारतीय परिचारिका सुखरूप परतल्या, त्यांत बहुतेक केरळच्याच होत्या.

गावी परतल्यावर नातेवाईक माझ्याकडे तक्रार करतात, "डॉक्टरसाहेब, सिस्टरले आपलं काही समजतच नाही!" औषधांची नावे, मात्रा, इंजेक्शन हे सारे तिला पाठ असते. पण रुग्णाची बोली पाठ्यपुस्तकात नसते. तिची हिंदी शाळेत शिकलेली. "पोटात कळ येते" म्हटले की तिला अर्थ लागत नाही. "पाठीत चमक भरली" म्हटले तर ती गोंधळते. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरने तर उशाला वहीच ठेवली होती. ओकारी, परसाकडे, ठणका, मुरडा असे शब्द मल्याळी लिपीत लिहून ती रात्रपाळीत पाठ करी.

यातला एक शब्द मात्र फार जपून वापरायचा आहे. "जीव घाबरते" याचा अर्थ तिला नुसती भीती असा वाटू शकतो. प्रत्यक्षात छातीवर दडपण, दरदरून घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी वेदना असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याला घाम, थरथर आणि भूक लागली तर साखर उतरलेली असू शकते. दोन्ही वेळी मिनिटे मोलाची असतात.

म्हणून वाचकहो, एवढे करा. दुखते तिथे बोट ठेवून दाखवा. केव्हापासून दुखते, ते घड्याळ दाखवून सांगा. आधीचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवा. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ते चिठ्ठीवर लिहून द्या. सिस्टरने पुन्हा विचारले तर चिडू नका. ती खात्री करून घेत असते. तरीही समजले नाही, तर डॉक्टरांना बोलवायला सांगा.

आणि तिला "ए बाई" न म्हणता "सिस्टर" म्हणा. आपल्या माणसाची ती रात्रभर काळजी घेते, तेव्हा तिचे स्वतःचे माणूस हजार-दीड हजार किलोमीटर दूर असते.