दारात आलेली शाळा

बस थांबते, पण तिकीट कुणी काढत नाही. आतली बाकं काढून टाकलेली, खाली चटया, पुढे फळा, कडेला पुस्तकं. फुटपाथवर राहणारी मुलं वर चढून बसतात, दोन-अडीच तास वर्ग चालतो आणि मग बस पुढच्या वस्तीकडे निघते. 1998 पासून धावणारी ही चाकांवरची शाळा म्हणजे ‘डोअर स्टेप स्कूल’ची ओळखच झाली आहे. फोटो हमखास बसचाच छापून येतो. संस्थेचं बाकीचं काम मात्र फोटोत मावणारं नाही.

1988 साली मुंबईत हे काम सुरू झालं. रजनी परांजपे निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवत होत्या आणि बीना शेठ-लष्करी त्यांच्या विद्यार्थिनी. कफ परेडच्या आंबेडकर नगर वस्तीतल्या मुलांसाठी पालिकेची शाळा होती, तरी मुलं शाळेत टिकत नव्हती. कारणं अगदी घरगुती होती. धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचं, पाणी भरायचं, मिळेल त्या कामाला हात लावायचा. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या दारात जावं, हा विचार तिथून आला आणि संस्थेला नावही त्यातूनच मिळालं. 1993 मध्ये पुण्यात काम सुरू झालं आणि तिथे बांधकामाच्या साइट समोर आल्या.

साइटवरची शाळा चालवणं म्हणजे पाण्यावर रांगोळी काढण्यासारखं. पत्र्याच्या खोल्यांची रांग, त्यातली एखादी बिल्डरने वर्गासाठी दिलेली. मुलाला कुठे ‘क’ आणि ‘फ’ वेगळे दिसायला लागतात, तोवर स्लॅब पूर्ण होतो, मुकादम दुसरी साइट धरतो आणि एका रात्रीत बिऱ्हाड हलतं. त्यामुळे इथे हजेरीपटाला पुस्तकाहून जास्त मोल आहे. मूल गेलं कुठे, बापाचा मोबाइल लागतो का, नव्या जागेजवळ कोणती शाळा आहे, याचा पाठपुरावा करावा लागतो. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात ‘शिक्षण हमी पत्रक’ नावाचा सरकारी कागद आहे. पण मुलाबरोबर तो पुढच्या गावी पोचायला कुणीतरी मागे लागावंच लागतं.

शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी अभ्यासिका असते. एकाच खोलीत चूल, टीव्ही आणि पाच माणसं असतील, तर गृहपाठ करायचा कुठे? शाळा सुटल्यावर बसायला जागा आणि शेजारी बसणारं एखादं मोठं माणूस, बस्स. असं शेजारी बसणं स्वयंसेवकालाही जमण्यासारखं असतं. मूल ‘बदक’, ‘कमल’, ‘घर’ धडाधड वाचतं आणि ‘रस्ता’वर येऊन अडतं. बोट ‘स्त’खाली थांबतं, नजर वर उठते. तेव्हा शब्द पटकन सांगून टाकायचा नाही, अर्धा ‘स’ जिभेवर यायची वाट पाहायची. ही दहा सेकंदं नवख्या माणसाला फार जड जातात.

गणिताची आणखी वेगळीच गंमत. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब मनातल्या मनात चोख करणारी मुलं तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलं की चुकत होती, आणि शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबात गडबडत होती. तेव्हा हातच्याला अडलेल्या मुलाला ढ ठरवण्याआधी भाजीचा भाव विचारून बघावा.

स्वयंसेवक खरंच शिकवू शकतात का? उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या संस्थेने गावातल्या तरुणांकडून शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले, तेव्हा हे मोजून पाहिलं गेलं. वर्गाला आलेली मुलं वाचनात ठळकपणे पुढे गेली. गोम एवढीच, की गावातली जेमतेम 8 टक्के मुलं वर्गाला आली. म्हणजे शिकवायची हौस कामी येते. मुलाला रोज आणून बसवणं हे निराळंच काम आहे. डोअर स्टेपने त्यासाठी वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन शिक्षिका केलं, हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल. या बायकांना प्रत्येक खोलीतलं मूल ठाऊक असतं. उलट, वाढदिवसाचा केक घेऊन वर्षातून एकदा वस्तीत उगवणारी मंडळी मुलांची संध्याकाळ गोड करतात, पण ‘स्त’ जिथल्या तिथे राहतो. दर मंगळवारी सहा वाजता मुकाट येऊन बसणारा माणूस कुठल्याही संस्थेला हवाच असतो.

हे सगळं मुंबई-पुण्याचं असलं, तरी ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला परकं वाटू नये. रस्त्याकडेला भाता पेटवून बसणारी लोहपीटा कुटुंबं, बुंदेलखंडातून बांधकामावर आलेले मजूर, त्यांची धुळीत खेळणारी मुलं तिथेही आहेत. तिथल्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरातल्या निवृत्त बाईंनी संध्याकाळचा वर्ग घ्यायचा म्हटला, तर मराठी घरी ठेवून हिंदीत शिकवावं लागेल आणि कान बुंदेलीला लावावा लागेल. पुण्यात नेमकं उलटं. मूल पाण्याला तेलुगूत ‘नीळ्ळु’ म्हणत येतं आणि जवळची शाळा मराठी असते.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, पण जे मूल कुठल्याच यादीत नाही त्याला तो सापडणार कसा? म्हणून पुण्यात डोअर स्टेपने ‘एव्हरी चाइल्ड काउंट्स’ ही नागरिकांची मोहीम उभारली. शिकवायला वेळ नसलेल्यांनी निदान मोजायला यावं. कागद-पेन घेऊन साइटवर जायचं, किती मुलं, वय काय, शाळेत जातात का, एवढंच विचारायचं. फाटकावरचा रखवालदार ‘इथे मुलं नाहीत’ म्हणून मोकळा झाला, तरी मागच्या दोरीवर छोटे छोटे फ्रॉक वाळत असतात.