स्कूटरची किल्ली ठेवल्यानंतर



यंदा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला आपल्याच शाळेचे एक निवृत्त शिक्षक आले नाहीत. असे प्रथमच घडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तर सर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. प्रकृती ठीक होती. दिवाळीनंतर संध्याकाळचे नीट दिसेना म्हणून त्यांनी स्वतःहूनच स्कूटरची किल्ली मुलाच्या हातात दिली होती. मी म्हणालो, "मुलाला सांगायचे होते." सर म्हणाले, "सांगतो ना. डॉक्टरकडे जायचे असले की सांगतो. कार्यक्रमासाठी त्याला रजा घ्यायला कसे सांगू?"

मला या उत्तराने विचारात पाडले. आपण वृद्धांना औषधाला नेतो आणि कर्तव्य झाले असे मानतो. पण दत्ताच्या देवळात जाणे, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तासभर बसणे, जुन्या मित्राकडे चहा घेणे, यासाठी ते कोणालाच सांगत नाहीत. आणि हीच भीती मनात असल्याने पुष्कळ जण दिसत नसतानाही गाडी सोडत नाहीत.

कायदा इथे थोडीच मदत करतो. चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि ५५ नंतर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांचे मिळते. पण पाच वर्षांत दृष्टी आणि गुडघे बरेच बदलतात. म्हणून घरच्यांनीच पाहावे: गाडीला नवे ओरखडे दिसतात का, ओळखीचे वळण चुकते का, अंधार पडल्यावर जाणे टाळले जाते का? असे असेल तर चारचौघांत न बोलता एकांतात बोलावे, आणि किल्ली मागण्याआधी दुसरी सोय सांगावी.

काही कामे आता घरबसल्या होतात. हयातीचा दाखला मोबाइलवरून देता येतो, आणि ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. याचा लाभ जरूर घ्यावा. आपल्या बडोद्यात तर सयाजीराव महाराजांच्या काळी पेट्यांत पुस्तके भरून फिरती वाचनालये गावोगावी जात! पण पुस्तक घरी आले तरी वाचनालयातल्या गप्पा घरी येत नाहीत.

अमेरिकेत पोर्टलंड नावाच्या गावी १९८८ मध्ये एका ८४ वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली तीन वर्षांचा मुलगा सापडला. सुदैवाने तो वाचला. त्याच्या आईने पुढे १९९५ मध्ये वृद्धांना ने-आण करणारी सेवा सुरू केली. तिथे गाडीत पैसे द्यावे लागत नाहीत, खात्यातून वळते होतात. आपली जुनी मोटार संस्थेला दिली तर तिच्या किमतीइतक्या फेऱ्या खात्यावर जमा होतात. मला यातली एक गोष्ट फार पटली: वृद्ध तिथे उपकार मागत नाही, आपली फेरी घेतो.

आपल्याकडे एवढे जमणार नाही. सिटी बसची पायरी उंच, आणि शटल रिक्षात दाटीवाटीने बसणे म्हाताऱ्या गुडघ्यांना शक्य नाही. म्हणून विश्वस्तांच्या संमतीने कार्यालयात एक वही ठेवली आहे. ज्या पालकांकडे मोटार आहे त्यांनी ठरलेला वार, वेळ आणि रस्ता लिहावा. वार ठरलेला असला की कोणाला विचारावे लागत नाही. भाडे मात्र घेऊ नये. खाजगी गाडीत भाडे घेतल्यास विम्याची अडचण येते.

आता विद्यार्थ्यांसाठी. आजोबांचा दंड धरून ओढू नका. आपला हात पुढे करा, ते धरतील. मोटारीत बसताना आधी पाठ सीटकडे करून बसायचे, मग दोन्ही पाय आत घ्यायचे. रिक्षावाल्याला गाडी फुटपाथला लागून उभी करायला सांगा, म्हणजे पाऊल कमी उचलावे लागते. आणि वाटेत घाई करू नका, त्यांना बोलू द्या.

गुरुवारच्या देवळाच्या फेरीसाठी दोन पालकांची नावे आली आहेत. सर येत्या गुरुवारी येतो म्हणाले आहेत. शनिवारच्या लायब्ररीच्या फेरीची ओळ अजून रिकामी आहे.