हवामानानुसार घराच्या छताचे उष्णतारोधन : निवड व अंदाज

प्रस्तावना

विदर्भ-मराठवाड्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचा उन्हाळा छतावर अवलंबून असतो. दिवसभर तापलेला सिमेंट काँक्रीटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडतो, आणि पंखा ही तप्त हवाच फिरवीत राहतो. लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे यांच्या दृष्टीने हा प्रश्न आरोग्याचा आहे. पूर्वीच्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर हे काम करीत असे. स्लॅब आला, तो थर गेला. मात्र त्याची जागा घेणारी व्यवस्था बहुतेक घरांत झाली नाही. उष्णतारोधक थर कोठे, कोणता व किती जाडीचा असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवामान विभाग

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार भारताचे पाच हवामान विभाग मानले जातात : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण व शीत. सोलापूर उष्ण-कोरड्या, कोकण किनारा उष्ण-दमट, नागपूर संमिश्र, तर लडाखमधील लेह शीत विभागात मोडते. प्रत्येक विभागात उष्णतेची दिशा व दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक भिन्न असल्याने एकच उपाय सर्वत्र लागू पडत नाही.

अंदाज करण्याची पद्धत

थराची जाडी (मीटरमध्ये) भागिले पदार्थाची उष्णतावाहकता म्हणजे त्या थराचा उष्णतारोध होय. सर्व थरांचे रोध मिळवून १ ला त्या बेरजेने भागले असता ‘यू-मूल्य’ मिळते. एक चौरस मीटर छतातून एक अंश तापमान-फरकाला किती वॅट उष्णता जाते, हे त्यावरून कळते.

१२० मि.मी. स्लॅब व गिलावा यांचा रोध सुमारे ०.०९ आणि आतील-बाहेरील हवेच्या थरांचा ०.२१ धरल्यास बेरीज ०.३० होते, म्हणजेच यू-मूल्य ३.३. ऊन धरून बाहेरील परिणामी तापमान खोलीपेक्षा २० अंशांनी अधिक आहे असे मानू. मग ५० चौ.मी. छतातून ३.३ × ५० × २० = ३३०० वॅट उष्णता आत येईल.

आता या छतावर थर्माकोलचा (वाहकता ०.०३५) २५ मि.मी. थर दिल्यास यू-मूल्य ०.९९ व उष्णता ९९० वॅट होते. थर ५० मि.मी. केल्यास ती ५८० वॅटवर येते. पहिल्या २५ मि.मी.मुळे २३१० वॅटची घट होते, तर पुढच्या २५ मि.मी.मुळे केवळ ४१० वॅटची. याउलट, विटांच्या तुकड्यांचा १०० मि.मी. कोबा (वाहकता सुमारे ०.८) ही उष्णता २३५० वॅटपर्यंतच खाली आणतो. गळती थांबविणारा कोबा म्हणजे उष्णतारोधन नव्हे, हे यावरून स्पष्ट होईल.

निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छताच्या यू-मूल्याची कमाल मर्यादा १.२ आहे. वरील स्लॅबला त्यासाठी सुमारे १९ मि.मी. थर्माकोल लागेल, २५ मि.मी. थराने ही अट सहज पूर्ण होते. ५० चौ.मी.साठी १.२५ घनमीटर माल लागतो. तुटफूट धरून ५ टक्के अधिक घ्यावा.

निवडीचे निकष

उष्ण-कोरड्या व संमिश्र विभागांत थर स्लॅबच्या वर असावा, म्हणजे स्लॅब तापतच नाही. त्यावर जलरोधन व फरशीचे संरक्षण आवश्यक आहे. पृष्ठभाग पांढरा ठेवल्यास ऊन परावर्तित होऊन लाभ वाढतो. थर्माकोल ज्वलनशील असल्याने खोलीच्या आतील बाजूस तो उघडा लावू नये.

कोकणात दिवस-रात्रीच्या तापमानात फरक कमी व दमटपणा अधिक असतो. तेथे सावली व वाऱ्याची ये-जा यांना प्राधान्य द्यावे. कौलांखालील हवेशीर माळा हीच तेथील परंपरागत योजना होय. खनिज लोकर जळत नाही, परंतु ओल शिरल्यास तिचा रोध घटतो. म्हणून दमट भागात ती बंदिस्त आवरणातच वापरावी.

लेहमध्ये हिवाळ्यात उष्णता आतून बाहेर जाते. तेथे छताबरोबर भिंतींनाही जाड थर लागतो, आणि बाष्परोधक पापुद्रा उबदार, म्हणजे आतील बाजूस द्यावा लागतो. अन्यथा थरात पाणी साचते.

पत्र्याच्या घरांस स्लॅबचे गणित लागू पडत नाही. तेथे पांढरा रंग व पत्र्याखाली हवा खेळती ठेवून लावलेले बांबूच्या तट्ट्यांचे छत हे अल्प खर्चाचे उपाय आहेत.

निष्कर्ष

जितकी जाडी अधिक तितका लाभ अधिक, हा समज अपुरा आहे. सर्वाधिक लाभ पहिल्या पातळ थरातूनच मिळतो. म्हणून मर्यादित निधी असल्यास एका छतावर जाड थर देण्यापेक्षा दोन छतांवर पातळ थर देणे श्रेयस्कर ठरते. घरकुल योजनांच्या अंदाजपत्रकात या थराचा स्वतंत्र समावेश व्हावा. घर बांधणाऱ्यानेही स्लॅब पडण्यापूर्वीच आपल्या हवामानाचा विभाग पाहून हा हिशेब करावा.