तान्हें मूल आणि नृत्याचा दौरा

‘बेलीडान्स’ हें नांव ऐकतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें चित्रपटांतील एखादें उथळ दृश्य उभें राहतें. ज्या इजिप्तमध्यें ही कला वाढली तेथें तिला ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडील नृत्य, असें म्हणतात; पोटाचा उल्लेख असलेलें नांव पाश्चात्यांनीं दिलेलें. फिरतीशीं या कलेचें नातें जुनें आहे, आणि तें नेहमींच खुशीचें नव्हतें. १८३४ सालीं महंमद अलीनें नर्तकींना कैरोंतून घालवून दिलें, तेव्हां पुष्कळजणी दक्षिणेस इस्ना वगैरे गांवीं गेल्या. १९२६ सालीं बदिया मसाबनी या बाईंनीं कैरोंत रंगशाला काढली. तेथूनच ताहिया कारिओका आणि सामिया गमाल या नर्तकी पुढें आल्या. आज ही विद्या शिकविणाऱ्या स्त्रिया देशोदेशीं हिंडतात. दिवसा वर्ग, रात्रीं प्रयोग, दुसऱ्या दिवशीं पुढचा गांव! अशा दौऱ्यांत तान्हें मूल बरोबर असेल तर?

प्रथम आईच्या शरीराचें पाहूं. गरोदरपणांत पोटाचे दोन उभे स्नायू मध्यावर एकमेकांपासून दूर सरतात. कटिराच्या तळाचे स्नायू सैल पडतात. हें नृत्य तर नेमकें त्यांच्याच बळावर चालतें. सहा आठवड्यांनीं डॉक्टरांनीं ‘ठीक आहे’ म्हटलें, म्हणजे रंगमंचावर मागें कमान टाकण्याची परवानगी मिळाली असें नव्हे. उठून बसतांना पोटाच्या मध्यावर उंचवटा दिसणें, नाचतांना लघवीचा थेंब सुटणें, खालीं जडपणा वाटणें, यांपैकीं कांहींही आढळल्यास थांबावें व तज्ज्ञास दाखवावें. माझ्या मतें प्रयोगापेक्षां शिकविणेंच अधिक थकविणारें. प्रयोग घटकाभरांत आटोपतो, वर्ग तासन्‌तास चालतो. परंतु वर्गांत एक सोय आहे : हालचाल तोंडानें सांगून जाणत्या शिष्येकडून करवून घेतां येते.

दुधाचा प्रश्न त्याहून नाजूक. व्यायामानें दूध नासतें, ही समजूत निराधार आहे. बेताच्या श्रमानें दूध कमीही होत नाहीं. मात्र जडावाची घट्ट चोळी चढविण्यापूर्वीं मुलास पाजून घ्यावें, नाहीं तर छाती ठणकते. काढून ठेवलेलें दूध २५ अंशांच्या आंतील हवेंत चार तास टिकतें, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद पेटींत एक दिवस. आपल्या वैशाखांत हे चार तास कोणी धरून चालूं नये! विमान उतरूं लागलें कीं मुलास पाजावें. गिळण्यानें कानांवरचा दाब हलका होतो. आणि ध्वनिवर्धकांच्या पुढें तान्ह्या मुलास मुळींच नेऊं नये. कान झांकणारीं साधनें मिळतात, पण दूरची खोली त्यांहून बरी.

एवढें असतां ती आई घरीं कां राहत नाहीं? कारण सरळ आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या २००० सालच्या करारांत निदान १४ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. भारताच्या कायद्यानें २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठीं ती २६ आठवड्यांची केली. पण ही रजा नोकरी करणारीची. बिदागीवर जगणाऱ्या कलावतीला रजा देणार कोण? तमासगीर विठाबाई नारायणगांवकर प्रयोग चालू असतां बाळंत झाल्या व पुन्हां बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपल्याकडे मोठ्या कौतुकानें सांगतात. कौतुक जरूर करावें. पण त्या रात्रीं त्यांना बाजेवर पडून कां राहतां आलें नाहीं, हेंही कोणीतरी विचारावें.

म्हणून दौऱ्याचा करार करतांनाच चार गोष्टी लिहून घ्याव्यात. रंगमंचाजवळ कडी लागणारी स्वच्छ खोली. दर दोन तासांनीं पाजण्यापुरती सुटी. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीं विश्रांति. आणि मूल सांभाळणाऱ्या सोबतिणीचें भाडें. शेवटच्या बाबीवर आयोजक नाक मुरडतात. वादकाचें भाडें मात्र ते मुकाट्यानें देतात, आणि सोबतीण नसेल तर वादकाला वाजवावयास नर्तकीच रंगमंचावर नसते.