मनिलातील दोन लिप्या

फिलिपीन्समधील मनिला हे नगर लेगास्पीने १५७१ साली स्पॅनिश सत्तेखाली वसविले. अकापुल्कोहून गलबतांनी येणारी चांदी आणि चिनी रेशीम यांच्या विनिमयावर हे बंदर १८१५ पर्यंत पोसले. साहित्याच्या अभ्यासकास मात्र येथेच १५९३ साली लाकडी ठशांनी छापलेली ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ अधिक मोलाची वाटावी. स्पॅनिशबरोबर तीत तागालोग मजकूर आहे, तोही रोमन आणि स्थानिक बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत. (राचोल येथे १६१६ साली निघालेले स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ केवळ रोमनमध्ये होते.) तरीही पुढे तागालोगांच्या व्यवहारातून बायबायिन लोपली. मुद्रणाने लिपी तगते, हे आपले आवडते गृहीतक येथे उणे पडते. रिसालची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली, ती स्पॅनिशमध्ये.